वांग्याचे माहेर

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विदुषींची भाषणे झाली. कोणी आरोग्यावर बोलले, कोणी कायद्यावर, कोणी संतांच्या अभंगांवर. त्यांच्या रांगेत आज मला उभे केले आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हांला जे येते त्यावर बोला." मला येतो तो स्वयंपाक. तेव्हा मी वांग्यावर बोलते म्हटले. त्यावर मागल्या बाकावरून कोणीतरी विचारले, "भरीत की भरली वांगी?" तर भगिनींनो, आज मी पाककृती सांगणार नाही. आज मी वांग्याच्या नावाची गोष्ट सांगणार आहे. रोज विळीवर चिरतो त्या भाजीच्या नावात एवढे काय असणार, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

या गोष्टीची सुरुवात मात्र फारशी गोड नाही. माझी मुलगी आज दहावीत आहे. ती चार वर्षांची असताना तिला शहरातल्या एका इंग्रजी शाळेत घालायचे ठरले. त्या शाळेत मुलाबरोबर आईवडिलांनाही बोलावतात. आम्ही दोघे नवी वस्त्रे नेसून, मुलीच्या दोन वेण्या घालून गेलो. भिंतीवर भाज्यांच्या चित्रांचा तक्ता होता. तिथल्या बाईंनी जांभळ्या चित्रावर छडी ठेवून विचारले, हे काय? मुलगी झटकन म्हणाली, "वांगं!" मला कोण आनंद झाला! पण बाई हसल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी काही शिकवत नाही वाटतं? तुम्हीच सांगा तिला." मी काय सांगणार? मी म्हटले, "वांगेच ते." तेव्हा खोलीत होते तेवढे सगळे हसले. मग बाईंनीच सांगितले, "ब्रिंजल." मुलीने ते तीनदा म्हटले, मीही मनातल्या मनात म्हटले, आणि प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला, पण एक गोष्ट हातची गेली. पुढे पालकांच्या सभेची चिठ्ठी आली की मुलगी ती माझ्या हाती न देता वडिलांच्या हाती देऊ लागली. एकदा मी जायला निघाले तर म्हणाली, "आई, तू नको ना येऊस. बाबांनाच जाऊ दे." ती तेव्हा सात वर्षांची होती. तिला मी दोष देत नाही. लेकराला शाळेत मान हवा असतो. पण त्या दिवशी पदर खोवून मी वांगी चिरायला बसले, ती किती वेळ चिरत होते ते माझे मला ठाऊक.

आता पुढची गोष्ट ऐका. मुलगी नववीत गेली, आणि शाळेतून तिला एक काम दिले : इंग्रजी भाषेत आपल्या देशातून गेलेले शब्द शोधून त्यांचा तक्ता करायचा. आपल्या वाचनालयातून तिने एक जाडजूड इंग्रजी कोश आणला. त्यात शब्दाच्या अर्थाखाली तो शब्द कोठून आला तेही दिलेले असते. रात्री जेवणे आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर कोश घेऊन बसली होती, आणि मी ओटा पुसत होते. एकाएकी ती म्हणाली, "आई, ब्रिंजल इंग्रजी नाहीच मुळी!" मी फडके टाकून तिच्याशेजारी जाऊन बसले. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही मायलेकी रोज रात्री त्या शब्दामागे लागलो होतो. इंग्रजी ती वाची, मराठी मी सांगे. वाचनालयातल्या काकांनीही मदत केली, आणि मराठी-संस्कृत कोश काढून दिले. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे मांडते.

आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचे नाव बदलतात. आपल्यापैकी किती जणींना आपले माहेरचे नाव घेऊन हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही! वांग्याचेही तसेच झाले. ते जिथे जिथे नांदायला गेले, तिथल्या लोकांनी त्याचे नाव आपल्या जिभेला जमेल तसे बदलून घेतले.

वांगे मूळचे आपल्याच बाजूचे, म्हणजे भारत आणि आसपासच्या प्रदेशातले. संस्कृतात त्याला नावे पुष्कळ. वार्ताक हे नाव आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत येते. वृन्ताक हे दुसरे. वृन्त म्हणजे देठ. वांग्याला देठावाचून शोभा नाही हे आपण जाणतोच. भण्टाकी हे आणखी एक. त्यावरूनच उत्तरेकडे कित्येक ठिकाणी वांग्याला भंटा किंवा भांटा म्हणतात. आणि कोशात एक नाव आहे 'वातिङ्गण'. आपल्या गोष्टीची नायिका ही. वातिङ्गण हा शब्द लोकांच्या तोंडी घासत गेला, मधला 'त' गळाला, आणि त्याचे हिंदीत बैंगन झाले, बंगालीत बेगुन झाले, गोव्याकडे वांयगें झाले आणि आपल्याकडे वांगे झाले. म्हणजे ही सगळी एका आईची लेकरे. चेहरा थोडा थोडा वेगळा, पण नाक सगळ्यांचे तेच!

आता हे वातिङ्गण पश्चिमेला निघाले. इराणात पोचले तेव्हा त्याचे बादिंगान झाले. 'व'चा 'ब' होणे आपल्याला नवे नाही. आपण वीस म्हणतो तर हिंदीत बीस म्हणतात. इराणातून ते अरबांकडे गेले. अरबी लिपीत आपल्या 'ग'साठी अक्षर नाही, म्हणून त्यांनी 'ग'च्या जागी 'ज' घातला. झाले बादिंजान. त्यापुढे अरबीत नावाआधी लावायचे 'अल्' लागले, की अल्-बादिंजान.

सन ७११ मध्ये अरबांच्या फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या, आणि पुढे कित्येक शतके त्या देशात त्यांची सत्ता होती. त्यांच्याबरोबर त्यांची शेती गेली, त्यांच्या भाज्या गेल्या आणि भाज्यांची नावेही गेली. स्पेनमधल्या लोकांनी बादिंजानचे बेरेन्हेना केले. शेजारच्या पोर्तुगालमध्ये बेरिंजेला झाले. बार्सिलोना शहराच्या बाजूला कातालान म्हणून वेगळी भाषा आहे. तिथे त्या 'अल्'सकट शब्द उचलला गेला आणि आल्बेर्जिनिया झाला. तोच फ्रान्समध्ये जाऊन ओबर्जीन झाला, आणि फ्रेंचांकडून विलायतेतल्या इंग्रजांनी घेतला. विलायतेत आजही वांग्याला ओबर्जीनच म्हणतात. म्हणजे आपण मुलांकडून ब्रिंजल ब्रिंजल म्हणून घोकून घेतो, तो शब्द खुद्द लंडनच्या बाजारात पुष्कळांना सांगावा लागेल!

मग ब्रिंजल आले कोठून? तर ते आले गोव्याकडून. वास्को-द-गामा कालिकतला उतरला सन १४९८ मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतले सन १५१० मध्ये, आणि तिथे ते राहिले ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. इंग्रज व्यापारी आपल्या किनाऱ्यावर आले ते त्यांच्या मागून शंभर वर्षांनी. तोवर आपल्या बंदरांवर परक्या लोकांशी बोलायची भाषा म्हणजे मोडकीतोडकी पोर्तुगीज होऊन बसली होती. इंग्रजांनी ती ऐकली, आणि बेरिंजेलाचे ब्रिंजल केले. म्हणून हा शब्द मुख्यतः हिंदुस्थानातल्या इंग्रजीत आणि तिच्या ओळखीच्या काही मुलखांत चालतो.

पाहा बरे, किती मोठा फेरा झाला! इथून निघालेली मुलगी इराण, अरबस्तान, स्पेन, पोर्तुगाल अशी घरे करीत, समुद्रावरून पुन्हा आपल्याच दारात आली. पण नाव इतके बदललेले, की आपण तिला ओळखले नाही. आपण तिला मडमेचा मान दिला, आणि घरात राहिलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीला, वांग्याला, अडाणी ठरवले! सन १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी हिंदुस्थानी इंग्रजीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश छापला. त्यातही या शब्दाचा हा सगळा प्रवास दिला आहे, आणि एकाच अर्थाच्या शब्दाने इतकी रूपे घेतल्याबद्दल त्या साहेबांनीही नवल केले आहे. म्हणजे हे मी माझ्या पदरचे सांगत नाही.

आणखी दोन गमती सांगते. इटलीत याच शब्दाचे मेलान्झाना झाले. तिथल्या भाषेत मेला म्हणजे सफरचंद. लोकांनी त्या नावाची फोड केली, मेला इन्साना, म्हणजे वेडे सफरचंद! वांगे खाऊन वेड लागते अशी समजूतही काही काळ होती. आपल्या भरताला वेडे म्हणणाऱ्यांनी ते एकदा हिरव्या मिरचीचे आणि शेंगदाण्याचे खाल्ले असते, तर त्यांना वेगळेच वेड लागले असते. दुसरी गंमत एगप्लांट या नावाची. हे नाव अमेरिकेत चालते. एग म्हणजे अंडे. आपल्याला वाटते, जांभळ्या वांग्यात अंडे कोठून दिसले? पण पांढरी, गोल, लहान वांगीही असतात, आणि ती झाडाला लागली म्हणजे अगदी कोंबडीच्या अंड्यासारखी दिसतात. इंग्रजांनी आधी तशी वांगी पाहिली आणि नाव ठेवले.

फार काय, लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने सन १७५३ मध्ये झाडांची शास्त्रीय नावे छापली, तेव्हा वांग्याचे नाव ठेवले सोलानम मेलोंजेना. हे मेलोंजेना म्हणजेही तेच, इटलीकडे गेलेल्या बादिंजानचे भावंड. शास्त्राच्या पुस्तकातसुद्धा आपल्या वातिङ्गणाची सावली आहे!

इथवर आल्यावर, भगिनींनो, खरे सांगते, मला फार गर्व झाला. मनात आले, उठावे आणि त्या शाळेत जाऊन त्या बाईंना सांगावे, की बाई, तुमचे ब्रिंजल हे आमच्या वांग्याची मुलगी आहे, हसता कुणाला? मुलीलाही तसेच वाटत होते. तिने तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेसुद्धा, की हा शब्द मूळचा आपला, संस्कृतातला.

पण ज्ञान अर्धे राहिले की फजिती होते. आपल्या मंडळात केरळच्या एक भगिनी आहेत, आपण त्यांना चेची म्हणतो. त्या आज इथे बसल्या आहेत. त्या एक दिवस वाटी परत द्यायला आल्या आणि तक्ता पाहून म्हणाल्या, "आमच्याकडे वळुदनंगा म्हणतात." त्यांच्या तोंडचा तो मधला उच्चार आपल्या 'ळ'च्या जवळचा आहे, पण आपल्याला साधत नाही. आम्ही दोघींनी तो म्हणून पाहिला आणि चेची पोट धरून हसल्या. तरी माझ्या कानाला काहीतरी लागले. वळुदनंगा, वातिङ्गण. 'व'ने सुरुवात, मधे 'त' नाहीतर 'द', शेवटी नाकातला उच्चार. मुलीने वाचनालयात पुन्हा शोध घेतला. तेव्हा कळले, की विद्वानांचे मतही तसेच आहे. दक्षिणेतल्या द्राविडी भाषांत वांग्याचे असे जुने नाव आहे, तमिळमध्येही त्याच घराण्यातला शब्द आहे, आणि संस्कृतातले वातिङ्गण हे तिकडूनच आलेले असावे असे ते मानतात. वाताशी त्याचा जो संबंध जोडतात, वात घालवणारे की वाढवणारे, तो मागाहून शब्दाच्या रूपावरून जोडलेला दिसतो.

म्हणजे ज्याला मी माहेर समजत होते, तेही वांग्याचे एक सासरच निघाले! खरे माहेर आणखी खाली, दक्षिणेत. मुलीने तक्त्यावरचे "मूळचा आपला" हे शब्द खोडले. मला थोडे वाईट वाटले. पण मग मनाशी विचार केला, की चेची काय परक्या आहेत? आपल्या चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरताना आपण येळकोट येळकोट म्हणतो. त्याचा अर्थ जाणकार लावतात तो कानडीवरून. कानडीत एळु म्हणजे सात, म्हणून एळु कोटी, सात कोटी. देव आपला, घोष कानडी, आणि नैवेद्याला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत. मग कोणते आपले आणि कोणते परके, हे एकदम सांगायचे धाडस मी तरी सोडून दिले आहे.

चंपाषष्ठीवरून आठवले. माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हते, पण वांग्याचे पंचांग त्यांना पाठ होते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांदा आणि वांगे पोटभर खाऊन घ्यायचे. कारण पुढे एकादशीपासून चातुर्मास लागला की दोन्ही बंद. आमच्या घरी ते बंद राहायचे चंपाषष्ठीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला देवाला भरताचा नैवेद्य दाखवीपर्यंत. मी नवी नवरी असताना एकदा श्रावणात बाजारात कोवळी वांगी दिसली म्हणून घेऊन आले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती शेजारी देऊन टाकली, आणि संध्याकाळी मला एवढेच म्हणाल्या, "अगं, पावसाळ्यात वांग्यात कीड लपलेली असते. पोथीत नाही सांगितलं तरी डोळ्यांना दिसतं." त्यांचे पुराणही डोळसपणाचे होते.

पुराणातली वांगी पुराणात, ही म्हण आपण सगळ्याजणी वापरतो. तिची कथा अशी सांगतात. एक पुराणिकबुवा देवळात पुराण सांगत. एके दिवशी त्यांनी वांगी खाणे किती वाईट ते रंगवून सांगितले. त्यांची बायको श्रोत्यांत होती. घरी जाऊन तिने चिरून ठेवलेली वांगी टाकून दिली, आणि बुवांच्या पानात नुसता वरणभात वाढला. बुवा चिडून म्हणाले, वांग्याची भाजी कोठे? ती म्हणाली, आपणच ना आता सांगितलेत? तेव्हा बुवा म्हणाले, अगं, ती पुराणातली वांगी पुराणात! ही आपली वांगी वेगळी.

काही जण म्हणतात, की या म्हणीत वांगी नाहीतच. मूळ शब्द 'वानगी'. वानगी म्हणजे नमुना, उदाहरण. वानगीदाखल असे आपण म्हणतो ते हेच. पुराणातली उदाहरणे पुराणातच ठेवावी, व्यवहारात आणू नयेत, असा अर्थ, आणि लोकांच्या तोंडी वानगीची वांगी झाली. हेही पटण्यासारखे आहे. पण मला विचाराल तर माझे मत वांग्याच्या बाजूने. कारण वानगी पंडितांच्या तोंडचा शब्द, आणि ही म्हण चुलीजवळ बसून बोलली जाणारी. आणि दुसरे असे, की उपदेश लोकांना आणि भाजी आपल्याला, हे ज्या बायकोने पाहिले असेल, तिलाच ही कथा सुचली असणार!

आणखी एक घोटाळा दूर करते. चेहऱ्यावर काळसर डाग येतात, त्यांना आपण वांग म्हणतो. मागे एका भगिनीने मला सांगितले, की वांगी फार खाल्ल्याने वांग येतात, म्हणून तिने वांगी सोडली आहेत. भगिनींनो, या दोन शब्दांचा काही संबंध नाही. चेहऱ्यावरचा वांग हा संस्कृत 'व्यंग' या शब्दापासून आला. आयुर्वेदात त्या विकाराचे नावच व्यंग आहे. दोन्ही शब्द घासून घासून सारखे झाले, एवढेच. नावाच्या सारखेपणावरून बिचाऱ्या भाजीवर आळ घालू नये. माणसांच्या बाबतीतही आपण हे लक्षात ठेवले तर बरे.

वांग्याची भावकीही मोठी आहे. बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही सगळी वनस्पतिशास्त्राप्रमाणे वांग्याच्याच कुळातली. पण ती तिघे अमेरिका खंडातून आलेली, युरोपी लोकांनी तो खंड गाठल्यावर. बटाटा हे नावही पोर्तुगीज, आणि त्यांनी ते तिकडच्या बेटांवरच्या लोकांकडून, रताळ्याच्या नावावरून घेतलेले. कोबी, पाव, काजू, पपई, अननस, इतकेच काय, घमेले, चावी आणि महिन्याच्या एक तारखेला आपण वाट पाहतो तो पगार, हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. आपण घरातली म्हणून मिरवतो ती निम्मी मंडळी पाहुणी आहेत, आणि त्यांच्या आधीपासून नांदणाऱ्या वांग्याला मात्र इंग्रजी नाव नसेल तर लाज वाटते!

आपल्या भागात वांग्याला किती मान आहे हे मी सांगायला नको. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सगळीकडे वाखाणतात. काटेरी देठाचे लहान वांगे भरायला, लांबट रस्श्याला, आणि मोठे पोटाचे भरताला. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. जळगावच्या त्या भरिताच्या वांग्याला सन २०१६ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव दुसऱ्या ठिकाणच्या वांग्याला लावता येत नाही. सन २०१० मध्ये बीटी वांग्याच्या लागवडीचा मोठा वाद झाला, आणि ९ फेब्रुवारीला त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिला स्थगिती दिली. त्या वादात एक मुद्दा असाही होता, की वांग्याचे घर हेच, इथे त्याच्या शेकडो जाती आहेत, त्यांचे काय होईल? ज्याची जात राखायची, त्याचे नावही राखले पाहिजे. बाजारात आजही म्हाताऱ्या माळणी एकेका वांग्याला वेगळ्या नावाने हाक मारतात. ती नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हे काम आपल्या मंडळाला करता येईल, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता शेवट सांगते आणि बसते. मुलीचा तक्ता पुरा झाला. वर दक्षिणेतले नाव, मग वातिङ्गण, मग एका बाजूला वांगे, बैंगन, बेगुन, आणि दुसऱ्या बाजूला बादिंगानपासून ब्रिंजलपर्यंतची सगळी माळ. शाळेत प्रदर्शन होते, पालकांना बोलावले होते. त्या दिवशी सकाळी मुलीने चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, तूच ये. कुणी विचारलं तर वातिङ्गणाचं तू नीट सांगतेस."

मी गेले. पूर्वीच्या त्या बाई आता तिथे नव्हत्या. खरे सांगायचे तर मनात योजून ठेवलेले वाक्य वायाच गेले. नव्या बाईंनी तक्ता पाहिला, बरा आहे म्हणाल्या आणि पुढे गेल्या. फारसे कोणी काही विचारले नाही. मग हॉल झाडायला आलेल्या मावशी तक्त्यासमोर थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारले, "एवढं काय लिवलंय ह्या वांग्यावर?" मी त्यांना पहिल्यापासून सगळे सांगितले, आणि त्यांनी केरसुणी टेकून ऐकले. शेवटी म्हणाल्या, "माझं माहेर कर्नाटकात. आमच्यात बदनेकाय म्हणतात. ते न्हाई का घातलं?" मुलीने माझ्याकडे पाहिले. मग पेन काढले, आणि त्या मावशींना तो शब्द दोनदा म्हणायला लावून, तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून घेतला.

मुलांना ब्रिंजल जरूर शिकवावे. जगात वावरायचे तर दहा नावे आली तरी हवीत. पण पोर वांगे म्हणाले तर हसू नये, आणि कोणी बदनेकाय म्हणाले तर ते लिहून घ्यावे, एवढेच मला सांगायचे होते.

बोलण्यात काही चुकले असेल तर थोरल्या भगिनींनी सांभाळून घ्यावे. आणि चेची, आजच्या फराळाला तुम्ही काय करून आणले आहे ते मला ठाऊक आहे. त्याचे नाव मात्र आता सगळ्यांना तुम्हीच सांगा.